बर्फाची वाट आणि आपली गाडी



बर्फावरून मोटार कशी न्यावी या विषयावर नगर जिल्ह्यांतील एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें कित्येकांस हसूं येईल. ज्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें त्या आपल्या जिल्ह्यास बर्फाची ओळख काय ती जत्रेंतल्या रंगीत गोळ्यापुरती. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई आपल्या अकोले तालुक्याच्या सीमेवर उभें आहे. उंची १६४६ मीटर. पण त्याच्या माथ्यावरहि हिम पडत नाहीं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत महाराष्ट्रावर मोठी गारपीट झाली, त्या वेळीं कांहीं गांवांच्या वाटा घटकाभर पांढऱ्या झाल्या होत्या. आपला अनुभव तेथेंच संपतो.

तथापि हा विषय आतां आपल्या उंबरठ्याशीं येऊन उभा राहिला आहे, ही गोष्ट नाकबूल करतां येणार नाहीं. आपल्या जिल्ह्यांतील मुलें सैन्यांत आहेत आणि त्यांतील कित्येक लडाखच्या रस्त्यांवर मालमोटारी हांकतात. आपला कांदा आणि डाळिंब घेऊन ट्रक उत्तरेकडे जातात. आणि गेल्या कांहीं वर्षांत तर एक नवीनच प्रघात पडला आहे: नाताळच्या सुटींत घरची मोटार काढावयाची, बायकामुलें व म्हातारीं माणसें तींत बसवावयाचीं आणि थेट मनाली किंवा काश्मीर गांठावयाचें. २०२४ च्या डिसेंबरांत सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान अवचित हिम पडून शेंकडों गाड्या रात्रीच्या वेळीं अडकून पडल्या, कित्येक घसरल्या. त्यांचीं चित्रें आपण सर्वांनीं पाहिलीं. म्हणून ज्याला बर्फाचा गंध नाहीं अशा मुलखांतल्या माणसानें तेथें जातांना काय पारखून घ्यावें, तें आज सांगावें असें मीं योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानीं घ्यावा. आपण ज्याला सरसकट बर्फ म्हणतों तीं रस्त्यावर निरनिराळीं रूपें घेऊन येतात. नुकतें पडलेलें भुसभुशीत हिम पिंजलेल्या कापसासारखें असतें. त्यांत चाक रुततें. गाड्यांच्या वर्दळीनें तेंच दडपलें गेलें म्हणजे त्याची पांढरी, कठीण साय बनते. तींत चाक रुतत नाहीं, घसरतें. दुपारीं तीच साय वितळून रात्रीं पुन्हां गोठली कीं तिची काच होते. हिचा एक प्रकार इतका पातळ व पारदर्शक असतो कीं खालचें काळें डांबर स्वच्छ दिसतें आणि रस्ता नुसता ओला आहे असें वाटतें. सांवलींतलीं वळणें आणि पुलांचे पाठीवरचे भाग सर्वांत आधीं असे गोठतात, कारण पुलाला खालूनहि वारा लागतो. ओल्या रस्त्यावर चाकांचा जो चुबुकचुबुक आवाज येतो तो एकाएकीं बंद झाला, पाणी उडेनासें झालें, तर खालीं बर्फ आहे असें जाणते चालक ओळखतात.

या भेदाचा अनुभव मोटारींच्या बाल्यावस्थेंतच आला होता. शॅकल्टन साहेबांनीं १९०७ ते १९०९ च्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेंत ॲरोल-जॉन्स्टन कंपनीची एक मोटार नेली होती. गोठलेल्या समुद्राच्या कठीण पृष्ठभागावर ती उपयोगी पडली. पण मऊ हिमांत शिरतांच तिचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. एका ठिकाणीं जी गाडी चालली ती दुसऱ्या ठिकाणीं चालेलच असें नाहीं, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आतां थोडें गणित. मास्तराला गणित सोडवत नाहीं, त्याला इलाज नाहीं. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल, तें वेगाच्या वर्गाला घर्षणांक व गुरुत्वप्रवेग यांच्या गुणाकाराच्या दुपटीनें भागून निघतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ च्या सुमारास, दडपलेल्या हिमावर ०.२ च्या आसपास आणि घट्ट बर्फावर ०.१ किंवा त्याहूनहि कमी असतो. ताशीं ४० किलोमीटर वेग धरा. कोरड्या रस्त्यावर गाडी ९ मीटरांत थांबेल. दडपलेल्या हिमावर तिला ३१ ते ३२ मीटर लागतील. बर्फावर ६३ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्या एकापुढें एक मांडाव्या इतकें अंतर. यांत चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा काळ धरलेलाच नाहीं. तो एक सेकंद धरला तरी आणखी ११ मीटर वाढतात. पण वेग निम्मा करून २० वर आणला तर तेंच ६३ मीटरांचें अंतर १६ वर येतें, कारण अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणें घटतें. गाडीच्या किंमतीचा या समीकरणांत कोठेंहि प्रवेश नाहीं, हें कृपा करून पाहावें. त्यांत वजनहि नाहीं. गाडी आणि रस्ता यांच्यामध्यें जेथें रबर टेकतें, त्या तळहाताएवढ्या चार जागांवर सारा हिशेब अवलंबून आहे.

माझ्या एका भाच्यानें मोठी, उंच, रुबाबदार गाडी घेतली. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, हिच्या चारी चाकांना इंजिनाचा जोर आहे. बर्फ असो कीं चिखल असो, कोठेंहि चढेल."

मीं विचारलें, "चढशील बाबा, पण उतरतांना काय करशील?"

"ब्रेक आहेत कीं, मामा."

"ते तर शेजाऱ्याच्या जुन्या गाडीच्याहि चारी चाकांना आहेत," असें मीं म्हटलें, तेव्हां तो थोडा विचारांत पडला.

ही त्या एकट्या मुलाची समजूत नव्हे. चारी चाकांना जोर असलेली गाडी हिमांतून निघतांना व चढतांना निश्चित सरस ठरते. जोर दोन ठिकाणीं वांटण्याऐवजीं चार ठिकाणीं वांटला जातो, म्हणून एकेक चाक कमी घसरतें. परंतु थांबतांना इंजिनाचा जोर कामाला येत नाहीं आणि वळतांना तो फारसा उपयोगी पडत नाहीं. उलट, चढ सहज चढला म्हणून चालकाचा धीर वाढतो, वेग वाढतो, आणि उतरणीच्या पहिल्या वळणावर तोच वाढलेला वेग त्याला दरीकडे ओढूं लागतो. साधी, पुढच्या चाकांवर चालणारी लहान मोटार योग्य टायर घालून नेली तर नुसत्या चारचाकी जोराच्या गर्वावर निघालेल्या गाडीपेक्षां ती अधिक सुरक्षित, असें माझें स्पष्ट मत आहे. तिच्या इंजिनाचें ओझें जोराच्या चाकांवरच पडतें, हाहि तिचा एक गुण.

तर मग योग्य टायर कोणता? रबर हा पदार्थ थंडींत कडक होतो, हें मूळ. आपल्या हवेसाठीं केलेला टायर तपमान सात अंशांच्या खालीं उतरूं लागलें कीं ताठर होत जातो आणि रस्त्याच्या खांचखळग्यांना घट्ट बिलगेनासा होतो. हिवाळी टायराचें रबर अशा मिश्रणाचें असतें कीं तें थंडींतहि मऊ राहतें. त्याच्या ठोकळ्यांवर सुरीनें चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. प्रत्येक चिरेची कड बर्फाला धरते. शिवाय त्याच्या खांचांत हिम भरून राहतें. आपल्याला वाटेल, हा दोष झाला. चिखलाच्या टायरानें तर चिखल बाहेर फेंकून दिला पाहिजे. पण हिमाला हिम चिकटतें, हें लहान मुलांना गोळे करतांना कळतें. खांचांत दाबलेलें हिम रस्त्यावरील हिमाला धरून ठेवतें. म्हणूनच शेतांत व रानांत हिंडण्यासाठीं मिळणारे मोठमोठ्या ठोकळ्यांचे टायर, जे पाहूनच छाती फुगते, ते घट्ट बर्फावर फारसे कामाचे नाहींत. ठोकळे मोठे, चिरा थोड्या, रबर कडक.

हिवाळी टायर प्रथम निघाला फिनलंड देशांत, १९३४ सालीं, आणि तोहि मालमोटारींकरितां. आज त्याची ओळख पटविणारें एक चिन्ह टायराच्या कुशीवर असतें: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटांत हिमाचा एक कण. हें चिन्ह हिमावर प्रत्यक्ष परीक्षा दिल्यावरच मिळतें. नुसतीं 'एम' आणि 'एस' हीं दोन अक्षरें असलीं तर तीं केवळ नक्षीच्या प्रकारासंबंधीं असतात. त्यांवर विसंबूं नये. जर्मनींत १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगराचें हें चिन्ह असलेल्या टायरासच हिवाळी टायर समजतात. स्वीडनांत डिसेंबर ते मार्चपर्यंत रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर कायद्यानेंच आवश्यक आहेत. आणि असे टायर बसवावयाचे तर चारी चाकांना. पैसे वांचविण्यासाठीं पुढेंच दोन बसविले तर वळणावर गाडीचें मागचें अंग पुढें येऊं पाहतें.

पण येथें नगरच्या माणसानें थांबून विचार करावा. आपल्या घरापासून मनाली सुमारें १८०० किलोमीटर. त्यांतले बहुतेक किलोमीटर कोरड्या, उन्हानें तापलेल्या रस्त्याचे. मऊ रबराचा हिवाळी टायर त्या उन्हांत लवकर झिजतो, आणि गरम रस्त्यावर तो साध्या टायरापेक्षां उशीरां थांबतो. शे-पन्नास किलोमीटर हिमासाठीं जातांयेतां साडेतीन हजार किलोमीटर चुकीच्या रबरावर काढणें हें शहाणपणाचें नव्हे. शिवाय आपल्या बाजूच्या दुकानांत ते सहसा ठेवलेलेहि नसतात. म्हणून जो वर्षानुवर्षें हिमांतच राहतो त्यानें हिवाळी टायर घ्यावे. आपण आठ दिवसांचे पाहुणे, आपण चांगल्या नक्षीचे, न झिजलेले टायर आणि साखळ्या घेऊन जावें.

न झिजलेले म्हणजे किती? टायराच्या खांचांत मधूनमधून रबराचे लहान उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरांवर ठेवलेले असतात आणि नक्षी तेथपर्यंत झिजली कीं टायर संपला. परंतु ही मर्यादा साध्या रस्त्यासाठीं. ऑस्ट्रियासारख्या हिमाच्या देशांत हिवाळी टायराची खोली ४ मिलिमीटरांपेक्षां कमी झाली तर तो हिवाळी म्हणून धरीतच नाहींत. तोच आंकडा आपणहि मनाशीं धरावा. कुशीवर चार आंकडे एका लांबट चौकटींत असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. त्यावरून टायराचें वय कळतें. आणि हल्लीं जी शोभेसाठीं मोठ्या व्यासाचीं, रुंद चाकें बसवून घेण्याची हौस वाढली आहे, तिचा मोह हिमाकडे जाणाऱ्यानें टाळावा. मऊ हिमांत अरुंद चाक त्याला कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोंचतें. रुंद चाक वर तरंगतें. शिवाय रुंद चाक व कमान यांच्यामध्यें साखळीला जागाच उरत नाहीं.

साखळी ही अमेरिकेंतील हॅरी वीड नांवाच्या गृहस्थाची. त्यांना १९०४ सालीं तिचें पेटंट मिळालें. चिखलांत रुतणाऱ्या मोटारींच्या चाकांना लोक दोर गुंडाळीत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असें म्हणतात. आपल्या अकोल्याकडे भातखाचरांत चिखलणीच्या वेळीं ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याचीं चाकें लावतात, त्यांतलें तत्त्व हेंच. साखळी घेतांना टायराच्या कुशीवरचें माप, उदाहरणार्थ २०५/५५ आर १६, दुकानदारास दाखवून त्याच मापाची घ्यावी: पहिला आंकडा रुंदी मिलिमीटरांत, दुसरा उंचीचें रुंदीशीं शेंकडा प्रमाण, शेवटचा आंतल्या लोखंडी चाकाचा व्यास इंचांत. साखळी जोराच्या चाकांना लावावी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीला पुढें. लष्करांत वाहनचालक असलेला माझा एक जुना विद्यार्थी सुटीवर आला होता, तो म्हणाला, "गुरुजी, साखळी बांधायला घरच्या अंगणांतच शिकावं. तिथं वर बोटं चालत नाहींत." मला हें सर्वांत मोलाचें वाटलें. साखळी चढ लागण्यापूर्वीं, सपाट जागीं बांधावी. निम्म्या चढावर गाडी अडल्यावर नव्हे. साखळीवर वेग ताशीं ३० ते ४० किलोमीटरांच्या आंत ठेवावा, आणि डांबर उघडें दिसतांच ती काढावी. नाहींतर साखळी तुटते व चाकाची कमान फोडते.

टंगमर्गहून गुलमर्गला जाणारा रस्ता जेमतेम १३ किलोमीटरांचा. पण हिम पडलें म्हणजे तेथें साखळीशिवाय गाडी वर सोडीत नाहींत. मनालीकडेहि अशा दिवसांत चारी चाकांना जोर असलेल्या किंवा साखळी लावलेल्या गाड्याच पुढें जाऊं देतात. अशा वेळीं पोलिसांशीं हुज्जत न घालतां आपली गाडी खालीं ठेवून स्थानिक चालकाची गाडी भाड्यानें करावी. त्यास प्रत्येक वळण पाठ असतें. यांत कमीपणा कसला? बंदराजवळ आल्यावर मोठमोठ्या आगबोटीहि तेथल्या वाटाड्याच्या स्वाधीन होतातच कीं.

ज्यांस यंत्राच्या बळावरच भरंवसा आहे त्यांच्यासाठीं आपल्या नगराशीं नातें असलेली एक हकीकत सांगतों. आपल्या शहरांत चिलखती दलाचें केंद्र व प्रशाला आहे आणि १९९४ सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालयहि आहे. याच दलाच्या सातव्या कॅव्हलरीनें १ नोव्हेंबर १९४८ रोजीं झोजी ला या साडेअकरा हजार फुटांहून उंच खिंडींत स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे नेऊन शत्रूला चकित केलें. सेनापति होते जनरल थिमय्या. रणगाड्यांचे नायक लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग, ज्यांना 'स्पॅरो' म्हणत. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हें शत्रूच्या स्वप्नींहि नव्हतें. परंतु मागच्या गोष्टी पाहा. वाटेंतले पूल कमकुवत म्हणून रणगाड्यांचे बुरूज काढून ते गुपचूप वेगळे नेले. बालतालहून खिंडीकडे जाणारी पायवाट मद्रास सॅपर्सनीं आधीं खोदून रुंद केली. लोखंडी पट्ट्यांवर चालणारा रणगाडादेखील वाट केल्यावांचून त्या हिमांत पाऊल टाकूं शकला नाहीं. मग आपल्या मोटारीची कथा काय?

गाडी हांकण्याविषयीं थोडक्यांत. निघतांना दुसऱ्या गिअरवर, अगदीं हलक्या पायानें निघावें. पहिल्या पावसांत काळ्या रानांतून बैलगाडी काढतांना शहाणा गाडीवान बैलांना चाबूक मारीत नाहीं, तसें. उतरणीवर आधींच खालचा गिअर घालावा आणि इंजिनाच्या ओढीवर उतरावें. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणापूर्वीं, वळणांत नव्हे. आपल्याकडील नव्या मोटारींत २०१९ पासून चाकें जाम न होऊं देणारे ब्रेक सक्तीचे आहेत. त्यांच्यामुळें वळवितां येतें हें खरें, पण भुसभुशीत हिमावर थांबण्याचें अंतर त्यांनीं कमी होत नाहीं, कधींकधीं वाढतें. पुढच्या गाडीपासून दूर राहावें. हवेचा दाब थंड टायरांत, तेथें पोंचल्यावर पुन्हां मोजावा, कारण थंडीनें तो उतरतो.

आणखी एक चूक आपल्या भागांतले लोक हमखास करतात. उन्हाळ्यांत रेडिएटरमध्यें नळाचें साधें पाणी ओततात आणि विसरतात. पाणी गोठतांना सुमारें शेंकडा ९ नें फुगतें. इंजिनाच्या लोखंडाला तें तडा पाडूं शकतें. निघण्यापूर्वीं तें सारें काढून ग्लायकोल व शुद्ध पाणी निम्मेनिम्मे भरून घ्यावें. हें मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंतहि गोठत नाहीं. डिझेलहि अति थंडींत मेणासारखें दाटतें. लडाखसाठीं इंडियन ऑइलनें २०१९ सालीं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें वेगळें डिझेल काढलें, तें याच कारणानें. म्हणून आपल्याकडून टांकी भरून तसेंच वरपर्यंत जाऊं नये. थंड प्रदेशांतील पंपावर नवें डिझेल भरावें.

आणि अडकलांत तर? जानेवारी २०२२ मध्यें पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या गांवीं हिमवादळांत हजारों गाड्या अडकल्या आणि वीसांहून अधिक माणसें आपापल्या बंद गाड्यांतच मरण पावलीं. सहलीसच गेलेलीं, मुलांबाळांसह. अशा प्रसंगीं लोक ऊब यावी म्हणून इंजिन चालूं ठेवतात. बाहेर साचणारें हिम धूर सोडणारी नळी बुजवितें आणि कार्बन मोनॉक्साइड हा रंग नाहीं, वास नाहीं असा विषारी वायु आंत भरतो. माणूस झोंपतो तो उठत नाहीं. म्हणून अडकल्यावर प्रथम खाली उतरून धुराची नळी मोकळी करावी आणि दर थोड्या वेळानें पुन्हां करावी. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावें. वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. सर्वांनीं एकदम झोंपूं नये. गाडी सोडून वादळांत पायीं निघूं नये. घोंगड्या, पाणी, गूळ-शेंगदाणे, विजेरी आणि एक लहान फावडें हीं गाडींत असावींत; फावडें आपल्याकडे शेतावर असतेंच, दांडा आंखूड करून घेतला कीं झालें.

परत आल्यावर साखळ्या पोत्यांत तशाच ओल्या टाकूं नयेत. गंज धरून दुसऱ्या खेपेस त्यांच्या कड्या तुटतात. गरम पाण्यानें धुवून, उन्हांत वाळवून, तेलाचा हात फिरवून त्या माळ्यावर टांगून ठेवाव्या, आणि कोणत्या मापाच्या टायरासाठीं आहेत तें एका चिठ्ठीवर लिहून सोबत बांधावें. पुढच्या वर्षीं शेजारचा कोणी मागावयास येईल, त्याची गाडी वेगळ्या मापाची असूं शकेल.